मळवलेली काळी-पिवळी

एका दसऱ्याला मी नवऱ्याची जीप धुतली. साबण लावून, दात घासायच्या जुन्या ब्रशनं, चाकांच्या फटीफटीतून. मग खोबरेल तेलाचा हात फिरवला, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, आणि चाकाखाली लिंबू ठेवायला गेले तर लिंबूच चाकापेक्षा मोठं निघालं. निदान तेव्हा तरी डोक्यात उजेड पडायला हवा होता. जीप वीतभर होती. तेलाच्या पिप्याचा पत्रा कापून नवऱ्यानं ती घडवली होती, पोळ्याच्याही आधीपासून, रोज शाळेतून आल्यावर. मी घाण म्हणून जे जे धुऊन काढलं, ते सगळं त्यांनी मुद्दाम केलेलं काम होतं.

परवा पुण्याहून नातीनं खोकं पाठवलं. आत परदेशी मोटारीचे सुटे भाग, चिमटा, रंगांच्या इवल्या बाटल्या. एका बाटलीत तपकिरी काहीतरी होतं. फोन करून विचारलं तर म्हणते, "आजी, तो चिखल आहे. गाडीला लावायचा."

"विकत आणला?"

"हो गं. मॉडेल बनवणारे तोच वापरतात."

मी फोन खाली ठेवून इतकी हसले की यांनी आतून विचारलं, काय झालं. यवतमाळ जिल्ह्यात जन्म काढलेल्या बाईला कुणी चिखल बाटलीत घालून पाठवावा! आता यांचे हात थरथरतात, म्हणून आमच्या घरच्या गाड्यांचं बारीक काम माझ्याकडे आलंय. हे समोर खुर्चीत बसून हुकूम सोडतात, मी भिंग लावून ऐकल्यासारखं करते. पण या धंद्यात मी शिरले ती त्या धुण्यामुळे, आणि ते सांगायचं तर सासऱ्यांपासून सांगावं लागेल.

सासरे काळी-पिवळी चालवायचे. बाहेरच्यांसाठी सांगते, अंग काळं आणि टप पिवळा अशी ती सवारी जीप. आमच्याकडे एसटी चुकली की माणूस तिच्यात बसतो, आणि आत जागा संपली की मागं लटकतो. त्यांची पांढरकवडा ते मारेगाव अशी फेरी असे. गाडी स्वतःची. तिला दुसऱ्या कुणी धुतलेलं त्यांना चालत नसे. दसऱ्याला पहाटे उठून, बनियनवर, बादल्या ओतून ते एकटेच धूत. दोन्ही मुलगे लांब उभे. लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला मी मदतीला म्हणून फडकं घेऊन गेले तर म्हणाले, "सूनबाई, तू घरातले भांडे घास." मला राग आला होता. नवी नवरी होते, रागावणं हाच माझा मुख्य उद्योग होता.

पुढं त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू झाला. ऑपरेशनसाठी नागपूरला होते तेव्हा इकडे थोरल्या दिरांनी गाडी भंगारात दिली. आंधळ्या माणसाच्या दारात गाडी उभी ठेवून त्याचा जीव कशाला जाळायचा, असं त्यांचं म्हणणं. चूक नव्हतं म्हणा. डोळे काही परतले नाहीत. सासरे केळापूरला घरी आले, अंगणात जिथं गाडी उभी राहायची तिथवर काठी टेकत गेले, हात पुढं केला. हाताला काही लागलं नाही. ते वळून आत आले आणि त्या दिवसापासून गाडीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. गाडीबद्दल नाही म्हणजे फारसं कशाबद्दलच नाही. जेवायला बसले की उजव्या हातानं जेवत आणि डावा हात मांडीशेजारी गिअर टाकल्यासारखा हलत राही.

माझे यजमान पांढरकवड्याला शाळेत चित्रकला शिकवायचे, आम्ही दोघं तिथंच राहायचो. त्यांनी ठरवलं की बाबांना त्यांची गाडी हातात द्यायची. ही गोष्ट त्यांनी सगळ्यांपासून लपवली, माझ्यापासून जास्त, कारण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही ही कीर्ती माहेरापासून माझ्याबरोबर आलेली. मला वाटलं, मास्तर माणसाला लागलं एखादं वेड. माझ्या रबरी चपलेतून टायर कापले, मी आरडाओरडा केला. माझ्या कानातल्या तुटक्या रिंगचं स्टिअरिंग झालं, माझ्या टिकल्यांचे मागचे लाल दिवे झाले. माझ्या पायाच्या एक्स-रेची फिल्म धुऊन समोरची काच बसली. सगळी गाडी माझ्याच अंगावरून उतरलेली, आणि मलाच तिला हात लावायची बंदी. "दसऱ्याले दाखवतो," एवढंच म्हणायचे आणि तिच्यावर टोपली उपडी घालून शाळेत जायचे.

दसऱ्याच्या सकाळी ते आपट्याची पानं आणायला गेले. मी टोपली उचलली.

काय सांगू! गाडीच्या चाकांवर चिखल. दारांवर चिखलाचे शिंतोडे. बॉनेटवर दिव्याच्या वर हा एवढा पोचा. मागच्या फाळक्याला गंजकी तार गुंडाळलेली. मला नवऱ्याची कीवच आली. एवढा चित्रकलेचा मास्तर, आणि शेवटी हात मळके ते मळकेच!

आता तुम्ही म्हणाल, खेळण्याची पूजा कोण करतं? अहो, आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. पोरं चाकं लावलेले लाकडाचे बैल सजवून आणतात, आम्ही बाया त्यांना ओवाळतो. लाकडाच्या बैलाला मान, मग पत्र्याच्या जीपनं काय पाप केलं? घरात वाहन म्हणून एक सायकल, तिला किती हार घालणार? मी ठरवलं, यंदा आपल्या दारात जीपची पूजा. चिखल घासून काढला. तार सोडून केरात टाकली. पोचा उरला होता, तो आतून उलथन्याच्या दांडीनं दाबला तर टक्कन वर आला. मला माझंच कौतुक वाटलं. गॅरेजवाल्याला जमलं नसतं, असं मी चक्क मोठ्यानं म्हटल्याचं आठवतं. ऐकायला घरात फक्त मांजर होतं.

हे आले. आपट्याची फांदी दारातच त्यांच्या हातातून खाली गेली.

"हे काय केलं वो तू?"

"धुतली. किती मळली होती!"

"मळली नव्हती," ते खाली बसत म्हणाले, "मळवली होती."

मग एकेक सांगितलं. पोचा रोहीचा, मारेगावच्या रस्त्यावर आडवी आली होती ती. रोही म्हणजे नीलगाय, आमच्याकडे कपाशीत शिरते ती. तार फाळक्याची, कारण कडी तुटली होती आणि सासऱ्यांना नवी कडी बसवायला कधी सवड झाली नाही. चिखल मारेगावचा. "बाबांना दिसत नाही. हात फिरवून ओळखायला मी या तीनच गोष्टी ठेवल्या होत्या. गुळगुळीत गाडी हातात दिली तर ती कोणाचीही गाडी."

"आणि बाबा कधी येणार?"

"पाच वाजता. दादा बसवून देऊन राह्यला केळापूरहून."

एरवी मी नवऱ्याला शब्दाला शब्द देते. त्या दिवशी स्टीलचा डबा उचलला आणि चिखल आणायला निघाले.

आता दसऱ्याची आणखी एक गंमत. त्या दिवशी गावात मळकं वाहन मिळत नाही. स्टँडवर रांगेनं काळ्या-पिवळ्या उभ्या, सगळ्या न्हाऊन माखून, कपाळाला कुंकू लावून, जणू नवरदेवच. मी एकेकीच्या चाकापाशी वाकून बघतेय आणि ड्रायव्हर मंडळी माझ्याकडे. शेवटी मारेगावहून सकाळची फेरी करून एक जीप आली. पोटापर्यंत काळ्या मातीनं माखलेली. मी उलथनं घेऊन तिच्या मडगार्डखाली घुसलेच.

"ओ काकू! काय करून राह्यल्या?"

"चिखल काढून राह्यली, बाबू."

"कायले?"

"पाहिजे आहे."

ड्रायव्हरनं सवाऱ्यांकडे पाहिलं, सवाऱ्यांनी माझ्या डब्याकडे. "मंग पुरी गाडीच धुऊन देऊन जा ना, काकू! मले बी दसरा करायचा हाय."

सगळी जीप हसली. मागच्या बाकावरची एक म्हातारी म्हणाली, "अवो, अंगणात माती नाही का तिच्या?" होती की. पण आमच्या अंगणात मुरूम, लाल. खोटा चिखल लावायचा नाही एवढी अक्कल मला तोवर आली होती.

घरी येऊन बाभळीच्या डिंकात माती कालवली आणि चाकांवर थापायला लागले. हे बघत होते. थोड्या वेळानं न राहवून बोलले, "गाडी वावरात नाही फसली. रोडवर चालून राह्यली. चाक पुढं जाते तर चिखल कुठं उडते?"

"मागं."

"मंग मागं उडव ना."

त्यांनी तोच धुण्याचा ब्रश उचलला, पातळ चिखलात बुडवला आणि अंगठ्यानं केस मागं ओढून सोडले. दारावर बारीक शिंतोडे उडाले, चाकाजवळ दाट, मागं विरळ होत गेलेले. हुबेहूब. मी ब्रश हिसकावून घेतला. दुसऱ्या बाजूचं दार माझं आहे, आजही ओळखू येतं, जरा जोरात पाऊस लागल्यासारखं दिसतं. तेवढ्यात पाच वाजायला आले. यांना स्टँडवर जायचं होतं. केरातून तार शोधून मी फाळक्याला गुंडाळली, ती त्यांनी बघितली. जाता जाता म्हणाले, "पोचा तेवढा मार. चमच्याच्या पाठीनं, आतून नाही, वरून. डाव्या बाजूले, दिव्याच्या वर."

मी गाडी समोर धरली, तिचं तोंड माझ्याकडे. माझी डावी बाजू बघितली आणि चमचा टेकवला. टक्. सुंदर पोचा पडला. मी दुसऱ्यांदा स्वतःचं कौतुक केलं.

सासरे आले. पानं देऊन पाया पडणं झालं. यांनी त्यांना बाजेवर बसवलं आणि काही न बोलता गाडी मांडीवर ठेवली. म्हाताऱ्यांनी आधी टायर दाबला. मग दारावर बोट फिरवलं, थांबले, बोट नाकाशी नेलं. मागं जाऊन तार चाचपली. तिचा पीळ एकदा सोडून पुन्हा घट्ट केला, अगदी रोजच्या सवयीनं. त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. डावा हात, तो मांडीशेजारी गिअर टाकणारा, आता गाडीच्या टपावर निवांत पडला होता. यांनी तोंड फिरवून घेतलं.

मग उजवा हात बॉनेटवर आला. डाव्या बाजूला गेला. तिथं काही नाही. परत गेला. मग उजवीकडे आला आणि पोच्यात अंगठा बसला.

यांनी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि सांगून टाकलं, "बाबा, हिनं सकाळी धुतली होती. पोचा मंग हिनंच मारला." माझ्या लक्षात आलं. गाडीची डावी बाजू म्हणजे आत बसणाऱ्याची डावी, समोर उभ्या राहणाऱ्या शहाणीची नव्हे. पुढं काय होणार ते ऐकायला मी दाराआड झाले. तरी सासऱ्यांनी मला बरोबर हुडकलं. कित्येक महिन्यांनी त्यांचा तो स्टँडवरचा, सवाऱ्या बोलावणारा खणखणीत आवाज घरात घुमला:

"अवो सूनबाई, रोही डाव्या अंगानं आली होती, तू तिले उजवीकून आणली! चिखल मात्र मारेगावचाच हाय. पण पुढच्या दसऱ्याले इले हात लावजो नको. माही गाडी मीच धुतो."