ताराईविनीच्या गोगलगाई आणि एक दात

चिखलात काय आहे ते ताराईविनीला पायांनी कळायचं. आमच्या बेटावरच्या सावूकोरो गावच्या सगळ्याच बायका ओहोटीला अनवाणी उतरतात आणि बोटांनी चाचपत शिंपल्या काढतात, पण तिच्यासारखे पाय दुसरीचे नव्हते. टाच टेकवायची आणि म्हणायची, "इथे आहेत. तिकडे नका जाऊ गं, तिकडे नुसती हाडं." हाडं म्हणजे रिकामे शिंपले. गेल्या पंधरा वर्षांत हाडंच वाढत गेली.

माझी तिची ओळख गोदीमुळे. तिच्या तिवरांना अगदी खेटून बोटी वर ओढून घ्यायची गोदी आहे. तिथे मी एकोणीस वर्षं रंगारी होतो. बोटीचं बूड खरवडायचं, पूड पाण्याच्या फवाऱ्याने खाली लोटायची, नवा रंग चढवायचा, ब्रश थिनरमध्ये बुचकळायचे. आणि उरलेलं थिनर? भरती येतेच की. मीही ओतलंय. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणा शहाण्याने मला ते ऐकवायला नको.

रसायनशास्त्र मी डब्यांवरची बारीक अक्षरं वाचून शिकलो. पुढे पुस्तकं वाचली, पण मुद्दा दोनच वाक्यांत मावतो. थिनर उडून जातं, कथील बसून राहतं. थिनरचा तवंग पसरला की पाण्यात तरंगणारी कालवांची पिल्लं, जी डोळ्यांना दिसतही नाहीत, ती दोन भरत्यांत संपतात. तपासनीस बाटली घेऊन येईपर्यंत पाणी काचेसारखं. गोदीचा साहेब म्हणतो, "बघा, काहीच नाही." आणि कथील? बुडाला शिंपले धरू नयेत म्हणून पूर्वी रंगातच कथलाचं विष घालत. तो रंग बंद होऊन जमाना झाला, पण जुन्या बोटींच्या बुडावर थरांखाली तो अजून आहे. खरवडला की चिखलात जातो. चिखलातून गोगलगाईत.

हे मला पुस्तकाने सांगितलं. ताराईविनीला पुस्तकाशिवायच कळलं होतं. एकदा ती माझ्यापुढे डबा आपटून म्हणाली, "मुनेश, मोज."

डब्यात तिवरांच्या मुळांवरच्या गोगलगाई होत्या. मी म्हटलं, "काय मोजू, बुबू? चाळीस असतील." तिला सगळं गाव बुबू, म्हणजे आजी म्हणतं. मी पन्नाशीचा होतो तरी.

"आकडा नको रे, वय मोज. सगळ्या म्हाताऱ्या आहेत. माझ्या लहानपणी दगड उलटला की खाली पिवळी अंडी चिकटलेली असायची, मक्याच्या दाण्यांसारखी. दहा वर्षांत एक दाणा नाही पाहिला. या गावात बाळंतपणच होत नाही."

मी तो डबा विद्यापीठात नेला. तिथल्या बाईंनी गोगलगाई फोडून भिंगाखाली धरल्या. पुढच्या आठवड्यात त्या स्वतः गावात आल्या, चटईवर बसल्या आणि सांगताना जरा अडखळल्या. "म्हणजे असं बघा... सतरा माद्या होत्या. सतराही माद्यांना नराचा अवयव फुटलाय. त्याने अंड्यांची वाटच बंद झालीय. अंडी आतल्या आत सडतात."

मग ताराईविनीची भावजय केलेरा खिदळली. "अगं बाई! म्हणजे बायकांना दाढीमिशा आल्या म्हणा की!"

"मग गावच्या पंचांत बसवा त्यांना," ताराईविनी म्हणाली. "तेवढ्यासाठी तर आम्ही खोळंबलोय." घरभर हशा झाला. बाईही हसल्या. ताराईविनीने मात्र एक फुटका शिंपला उचलला, बोटावर फिरवून बघितला आणि पदराला पुसून डब्यात परत ठेवला. हसता हसता तिचे डोळे भरलेले मी बघितले.

"हे बरं होतं का?" तिने विचारलं.

"झालेलं नाही होत," बाई म्हणाल्या. "नवीन येणाऱ्यांचं वाचवता येईल. गोदीखालचा चिखल काढून नेला आणि खरवडणं झाकलेल्या शेडमध्ये केलं, तर."

तीन वर्षं आम्ही त्या 'तर'च्या मागे होतो. गोदीचा परवाना संपत आला होता. नव्या परवान्यावर हरकत घ्यायचा हक्क फक्त त्या पाण्यावर मासेमारीचा हक्क असणाऱ्यांना, म्हणजे सावूकोरोच्या लोकांना. मला नाही. माझा आजा समुद्रापलीकडून इथे ऊस तोडायला आला होता, समुद्रातली एक वीतही आमची नाही. तेव्हा कागद मी जमवले आणि साक्ष ती देणार होती. दर अमावास्येच्या ओहोटीला दगड उलटून ती वहीत लिहून ठेवायची, 'अंडी नाहीत'. छत्तीस वेळा 'अंडी नाहीत'. सुनावणी गुरुवारी होती.

सोमवारी दुपारी गोदीचा साहेब गावात आला. सोबत मुकादम सेकोवे. सेकोवे शेजारच्याच गावचा. त्याच्या हातात तागाच्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं. आत देवमाशाचा दात असणार हे इथे शेंबडं पोरही ओळखतं. माफी मागायला आणलेला दात गावाने हातात घेतला की ती गोष्ट पुरली. मग ती उकरून काढायची नाही. कोर्टात नाही, बाजारात नाही, नवराबायकोच्या भांडणातसुद्धा नाही.

"साहेबाला हे कुणी शिकवलं?" मी सेकोवेला दारातच विचारलं.

"तू बाहेर थांब, रंगारी," तो म्हणाला. "गोदीत या गावची बावीस पोरं आहेत. शेड बांधायला लागली तर साहेब गोदीच उचलून दुसऱ्या बेटावर नेईल. मग तू देणार आहेस कामं? थिनर विकून?"

मी बाहेरच्या पायरीवर बसलो. आतलं सगळं दिसत होतं.

गावचा प्रमुख आपेनिसा, ताराईविनीचा धाकटा भाऊ. इथे मोठे झालेले बहीणभाऊ एकमेकांशी थेट बोलत नाहीत. एका घरात जेवतील, एकमेकांसाठी जीव देतील, पण शब्द जातो तो तिसऱ्या माणसाकडून. या दोघांमधली ती तिसरी म्हणजे केलेरा. दाराजवळ बायकांच्या रांगेत बसलेली ताराईविनी म्हणाली, "केलेरा, तुझ्या नवऱ्याला सांग, दात घ्यायचा नाही. गुरुवारनंतर हवे तेवढे घे म्हणावं."

केलेराने चार हातांवर बसलेल्या नवऱ्याला ते जसंच्या तसं सांगितलं. आपेनिसाने मान हलवली. "तिला सांग, नाही घेत. मला काय दातांची आरास करायचीय?"

मला हायसं वाटलं. साहेबाने कागदावरून दोन ओळी वाचल्या. चुकून काही झालं असेल तर वाईट वाटतं, वगैरे. मग सेकोवे गुडघ्यांवर पुढे सरकला आणि त्याने कापड सोडलं.

दात जुना होता, मधासारखा पिवळा. टोकाशी एक चीर. आणि त्याची दोरी काथ्याची, तीन पदरी वेणी, मध्येच एक लाल धागा ओवलेला.

ती वेणी ताराईविनीने घातली होती. बावीस वर्षांपूर्वी. तिचा मुलगा इलाइतिया यांगोना, म्हणजे आमचं मुळांचं पेय नव्हे, दारूची बाटली पिऊन बोट चालवत होता. बोट खडकावर चढली आणि सेकोवेचा धाकटा भाऊ बुडाला. तेव्हा ताराईविनी हाच दात घेऊन सेकोवेच्या दारात गेली होती आणि ऊन कलेपर्यंत मान खाली घालून बसली होती. शेवटी सेकोवेच्या बापाने दात उचलला. इलाइतियाला त्या घरातल्या कुणी कधी एका शब्दानेही बोल लावला नाही. तो आज लबासा शहरात बस चालवतो, त्याला दोन मुली आहेत.

सेकोवेने दात दोन्ही हातांवर पुढे धरला. त्या मरणाबद्दल तो चकार शब्द बोलला नाही. गरजच नव्हती. साहेब घड्याळ बघत होता, त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं.

आपेनिसाने हात मांडीवर ठेवले होते. त्याने दोरी ओळखली. मग त्याने जे केलं ते त्या घरात पन्नास वर्षांत झालं नव्हतं. केलेराला मध्ये न घेता त्याने मान वळवून सरळ बहिणीकडे बघितलं. तू सांग, असं.

मला ओरडावंसं वाटलं. बुबू, नाही म्हण! एकदाच नाही म्हण, छत्तीस ओहोट्या आठव! पण मी पायरीवरचा माणूस, माझा आवाज आत धरत नाहीत.

ताराईविनीने त्या लाल धाग्याकडे बघितलं आणि डोळे खाली केले.

आपेनिसाने दात उचलला. पुरुषांनी ओंजळी करून टाळ्या वाजवल्या, खोल, सावकाश. झालं. पुरलं.

संध्याकाळी मी तिच्यावर तोंड टाकलं. "तुमच्यात पुरलं असेल! चिखलाने हात लावला का त्या दाताला? कथलाने माफ केलं का तुम्हाला?"

ती ताडाच्या पानाचा द्रोण विणत होती. "ओरड," म्हणाली. "मला ओरडता येत नाही, तू तरी ओरड."

"तो दात त्याने मुद्दाम आणला, बुबू. तुला बांधायला."

"मुद्दामच. माझ्या पोराला त्यांनी सोडलं तेव्हा बुडालेल्या पोराच्या आईला काय वाटतं ते कुणी विचारलं नव्हतं. तीही अशीच दाराजवळ बसली होती." तिने पान दाताने तोडलं. "मी तो दात परत लोटला असता तर त्यांचा पोरगा आज पुन्हा बुडाला असता. कळतंय का तुला?"

कळत होतं. म्हणून तर जास्त संताप येत होता.

गुरुवारी सुनावणीला मी कागदांचा गठ्ठा घेऊन उभा राहिलो. अधिकारी भला माणूस होता. चष्मा सरकवून म्हणाला, "तुमचा या पाण्यावर काय हक्क?" मी म्हटलं, "मी त्यात एकोणीस वर्षं विष ओतलंय." लोक हसले. तो नाही हसला, पण गठ्ठाही घेतला नाही. "हक्कदारांपैकी कुणाची हरकत?"

आपेनिसा उठला. "नाही," म्हणाला आणि बसला.

त्याच्यामागे दोन रांगा सोडून ताराईविनी होती. मांडीवर बिस्किटाचा डबा. आत शिंपले आणि ती वही. तिने डब्यावर दोन्ही हात ठेवले होते, झाकण उघडू नये म्हणून ठेवतात तसे. विद्यापीठातल्या बाई तिच्याकडे बघत राहिल्या. एकदा तिची बोटं झाकणाच्या कडेखाली गेली. बोटं परत वर आली.

दहा वर्षांचा परवाना मिळाला. शेडचा उल्लेख नाही. चिखलाचा नाही.

त्यानंतरच्या अमावास्येला मी तिवरांकडे गेलो, तर ती गुडघाभर चिखलात, नेहमीसारखी दगड उलटत होती. पलीकडे गोदीत फवारा चालू होता, एका मच्छीमार बोटीच्या बुडावरून लाल पाणी ओघळत होतं.

"आता काय शोधतेस?" मी विचारलं. "सांगायचं कुणाला?"

"कुणाला नाही. बघते फक्त." तिने दगड होता तसा हळूच खाली ठेवला. "मुनेश, तुझ्या पुस्तकात काय लिहिलंय? आज सगळं थांबलं समज. तर ते कथील चिखलातून कधी जाईल?"

मी खोटं बोलायला हवं होतं. मला ते कधी जमलं नाही. "वीस वर्षं. खाली दबलं तर तीस."

ती चौसष्टची होती. बोटांवर काहीतरी मोजायला लागली आणि मध्येच थांबली.

"आणि आज थांबलेलं नाही," ती म्हणाली.

"नाही."

तिने टाच चिखलात रोवली, जरा फिरवली, थांबली. मग दुसरा पाय. मी काठावर उभा होतो. कितीतरी वेळ ती तशीच, एकेक पाऊल सरकत, टाच टेकवत गेली. इथे आहेत, असं एकदाही म्हणाली नाही.