पिंपाची खुर्ची

आईला मोबाइल लावता येत नाही, नेहमी सुनंदाच लावून द्यायची. त्या दुपारी शेजारणीनं लावून दिला आणि सुनंदाच्या नंबरवरून आईचा आवाज आला, "सुनी उठून नाई राह्यली वं..." मी तशीच निघाले. चंद्रपूरहून वरोऱ्याला पोचले तेव्हा माझ्या धाकट्या बहिणीला अंगणात, तिच्या टिनाच्या शेडसमोर निजवलं होतं. त्याच शेडमध्ये ती इतकी वर्षं फर्निचर करत होती. आता महिना उलटून गेला. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, काय झालं होतं? लाकडाच्या भुशानं छाती भरली होती, दुसरं काय. तोंडाला फडकं बांध म्हणून डॉक्टर सांगून थकले, मी सांगून थकले, आणि आता हेच सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगूनही थकले आहे.

लग्न तिनं केलं नाही. "एक पाह्यलं नं घरात, पुरे झालं," म्हणायची. आमचे वडील दारू पीत, मोहाची. पिण्यापायी त्यांनी घरातली एकेक वस्तू विकली. शेवटी आईची खाट गेली आणि तिच्यामागोमाग घरात एकुलती एक होती ती खुर्चीही गेली... मग आम्ही तिघी जमिनीवर. सुनंदा आधी दुसऱ्याच्या दुकानात पॉलिश करायला जायची, मग स्वतःच रंधा धरला. आरामशीनवर साग चिरताना सालीकडच्या वेड्यावाकड्या फळ्या निघतात, त्या एरवी चुलीत जातात. ती त्या उचलून आणायची आणि कडेची साल तशीच ठेवून टेबलं, बाकं करायची. गिऱ्हाईक म्हणे, "बाई, हे सालटं काढाचं राह्यलं." ही म्हणे, "राहू द्या. झाड व्हतं, हे तरी समजते." तिच्याशी बोलण्यात कोणी जिंकायचं नाही.

व्हिस्कीची जुनी लाकडी पिंपं तिला नागपूरच्या एका भंगारवाल्याकडे दिसली आणि बाई हट्टालाच पेटली. तेव्हा आमच्या जिल्ह्यात दारूबंदी होती, त्यासाठीच्या मोर्चांत ही स्वतः घसा बसेस्तोवर ओरडली होती. आणि आता हीच रिकामी पिंपं टेम्पोत घालून निघाली! नाक्यावर पोलिसांनी उतरवून एकेक पिंप हुंगलं. "आत काही नाई साहेब, वास नेता का थोडा?" ही विचारते. मला फोनवर सांगताना हसून हसून तिला ठसका लागला होता. पिंपाच्या लोखंडी पट्ट्या हातोड्यानं ठोकून सैल केल्या की सगळ्या फळ्या एकदम कोसळतात. ते काम ती दुसऱ्या कोणाला करू द्यायची नाही. व्हिस्की मुरवण्यासाठी आतून जाळून काळ्या केलेल्या, पोट काढलेल्या त्या फळ्यांपासून तिनं पहिली वस्तू केली ती आईसाठी आरामखुर्ची. "दारूनं खाली बसवलं नं तिले, आता दारूच्याच उरावर बसू दे," असं तिनं मला त्या दिवशी सांगितलं होतं. तिला आयुष्यात दुसरं काही फार हवं होतं असं मला आठवत नाही.

आई बसली नाही. खुर्चीजवळ गेली, वाकली आणि मागे सरली. "तुह्या बापाचा वास येते."

"बाबानं व्हिस्की डोयानं तरी पाह्यली व्हती काय वं? मोहाची पेत व्हते थे."

"दारू थे दारू."

मग सुनंदानं खुर्ची घासली, तासली, पुन्हा पॉलिश केली. रोज उन्हात ठेवायची, संध्याकाळी आत आणायची, आईला विचारायची. आईचं एकच उत्तर, येते. पुढे बंदी उठली. त्या दिवशी सुनंदा नुसता रंधा मारत राहिली. तिची पिंपाची टेबलं लोकांच्या बैठकीत गेली, पण आईची खुर्ची मात्र ऊन खात राहिली. शेवटच्या पावसाळ्यात तिला दम लागायचा, तरी ढग हटले की ती खुर्ची ओढत अंगणात नेई. मी म्हटलं, "सोड नं आता." ती म्हणाली, "बसन वं थे, पाहजो."

मार्कंड्याला नदीत अस्थी सोडून आलो आणि मी आईला माझ्याकडे न्यायचं ठरवलं. तिचं सामान दोन पिशव्यांत मावलं. गाडीत बसताना ती अडली. "खुर्ची राह्यली." मी म्हटलं, "आई, तुले वास येते नं?" "येते तं येऊ दे. घे." गाडीच्या टपावर बांधून आणली.

आता खुर्ची माझ्या घरात आहे. आई तिच्यावर बसत नाही, कोणाला बसूही देत नाही. सकाळी माझा चहा व्हायच्या आत हाक येते, "उनात ठेव वं थे." गुडघे कुरकुरतात, तरी मी ती ओक लाकडाची जड खुर्ची गॅलरीत ओढत नेते आणि दिवस कलला की आत आणते. आई दोन्ही हात टेकून पाठीच्या फळ्यांवर वाकते, डोळे मिटते, बराच वेळ तशीच राहते. मी हुंगून पाहिलं आहे, आता फक्त पॉलिशचा वास येतो, सुनंदाच्या हातांना यायचा तसा.

"येते काय वं?" मी विचारते.

"येते. उद्या ठेवजो पुन्हा."

मी खरंच थकले आहे... पण 'आता नाई येत' असं आई म्हणेल, त्या दिवसाची मला फार भीती वाटते.