अर्ध्या उन्हातल्या पट्ट्या

सोमवार, दोन फेब्रुवारी. फोटो स्टुडिओ रिकामा करताना हजर: जमीलचाचांचा मुलगा इरफान, गाळ्याचे मालक आणि मी, शेजारची फ्रेमवाली सुनंदा. चाचांना जाऊन दीड महिना झाला. बातमी इरफाननंच फोनवर दिली, तेव्हा मी चाचांच्याच ऑर्डरची काच कापत होते...

धाराशिवात आमची दुकानं भिंतीला भिंत लागून. ते फोटो छापायचे, मी चौकटीत बसवायचे. सगळीकडं रंगीत आलं तरी चाचा कृष्णधवलवर अडून राहिले. चाची गेल्यावर तर त्यांना एकच काम उरलं. बेंबळीला, माहेरच्या अंगणात काढलेला चाचींचा जुना फोटो असा छापायचा, की नातवंडं म्हातारी झाली तरी तो तसाच दिसावा. पांढरी ओढणी, काळेभोर केस, बोलता बोलता थांबलेलं तोंड.

त्यासाठी त्यांनी तीन पिगमेंट शाया आणल्या: एक प्रिंटरच्या कंपनीची, एक स्वस्तातली, एक निव्वळ कार्बनची. तिन्हींत तोच फोटो छापून पट्ट्या पश्चिमेच्या खिडकीला चिकटवल्या. प्रत्येकीचा अर्धा भाग काळ्या कागदानं झाकलेला, अर्धा उन्हात. उन्हाळा, पावसाळा जाऊ द्यायचा, मग कागद काढून दोन्ही बाजू ताडून बघायच्या. "ताई, काळा एक नसतो," ते म्हणायचे. "ह्यो हिरवी झाक मारतो, त्यो जांभळी. ह्याच्यात केसांचा नुसता गोळा झालाय, त्याच्यात बट न् बट सुटी दिसतीय."

"चाचा, लग्नाआधी एवढी पारख केली होती का?"

"तवा नजर पुरली. शाई मात्र उन्हात बसवल्याबिगर खरं बोलत न्हाय."

दुकान उघडलं की ते आधी बाटल्या हलवायचे. पिगमेंट म्हणजे पाण्यात तरंगणारी बारीक पूड. हलवली नाही तर तळाला बसते. मग प्रिंटरची छिद्रं सुकू नयेत म्हणून एक रेघांचा कागद काढायचे. भिंतीपलीकडून तो आवाज आला की माझा दिवस सुरू व्हायचा.

शेवटचे दिवस ते सोलापूरला दवाखान्यात होते. मी भेटायला गेले तर त्यांनी विचारलं, "बाटल्या कोण हलवतंय?"

कुणीच नव्हतं. किल्ली इरफानकडं, पुण्यात. "तुम्हीच या आता," एवढंच म्हणता आलं...

सोमवारी आम्ही काळे कागद काढले. स्वस्तातल्या शाईत उन्हाकडची चाची तपकिरी झाली होती, कंपनीच्या शाईत हिरवट. कार्बनच्या पट्टीवर कागद कुठंवर होता, ते शोधून सापडेना. चाचांना हवं ते उत्तर समोर होतं. कार्बनची बाटली उचलली तर तळाला चिखलासारखा थर, वर गढूळ पाणी. इरफाननं पुष्कळ हलवली, थर सुटला नाही. प्रिंटर लावला तर कोरा कागद बाहेर आला. नवी बाटली मागवता येईल, नवा प्रिंटरही. पण कुठली सावली किती गडद ठेवायची, हे चाचांच्या डोळ्यांत होतं.

"ताई, सोलापूरच्या कलर लॅबमधून काढू की," इरफान म्हणाला. "हिरवा का काळा, कोण बघतंय?"

त्याचंही खरं आहे. बघणारे चाचा गेले, फोटोतली चाचीही. मालक किल्लीसाठी थांबले होते.

चाचींच्या फोटोची चौकट माझ्या दुकानात भिंतीला टेकून उभी आहे. सागवानी, चाचांनी दिलेल्या मापाची. काच बसवली, मागचा पुठ्ठा कापला, हूकही लावला. फोटो घालायचा राहिला आहे.