दीक्षाबाईंचे चाळीस प्रश्न

केंदूरच्या दीक्षा भालेराव १९९६ साली शिरूर तालुक्यातल्या एका महाविद्यालयात सहायक ग्रंथपाल म्हणून लागल्या. त्यांना एक सवय होती. एखाद्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचं उत्तर ग्रंथालयात सापडलं नाही, की तो प्रश्न तारखेसह वहीत लिहायचा. सहकारी हसायचे. बाई लिहीत राहिल्या.

२००५ साली पुण्याहून एका कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन आला. "पाच हजार नियतकालिकं, एका बटणावर!" पडद्यावर रंगीत मुखपृष्ठं सरकू लागली. प्राचार्य इंद्रजीत पलांडे खूश झाले. तीन वर्षांच्या करारावर सही व्हायचीच बाकी होती.

"सर, आधी थोडे दिवस वापरून बघू द्या," दीक्षाबाई म्हणाल्या.

तो माणूस हसला. "मॅडम, मोठमोठ्या कॉलेजांनी घेतलंय हे."

"त्यांच्या मुलांना काय लागतं ते मला ठाऊक नाही. आमच्या मुलांना काय लागतं, ते माझ्याकडं लिहिलेलं आहे."

प्राचार्यांनी पंधरा दिवस मागून घेतले.

बाईंनी वहीतले चाळीस प्रश्न निवडले. उसाची मुळं खाणारी हुमणी अळी, क्षारपड जमीन, बचत गटातल्या बायका. दुसऱ्या एका कंपनीचा, दिसायला अगदी साधा असा नियतकालिकांचा ऑनलाइन संग्रहही त्यांनी चाचणीसाठी मागवला. इंटरनेट फोनच्या तारेवर चालायचं. कार्यालयात कुणी फोन उचलला की बंद पडायचं. म्हणून रोज सकाळी त्या शिपाई साहेबरावांना सांगायच्या, "मामा, अकरा ते एक फोनला हात लावू नका." मग एकेक प्रश्न दोन्हीकडं शोधायचा. पूर्ण लेख मिळाला की नुसता सारांश, अंक कोणत्या सालापर्यंतचे, पान उघडायला किती मिनिटं, सगळं तक्त्यात मांडायचं. विद्यार्थ्यांनाही त्यांनी शोधायला बसवलं, कारण आपल्याला जमलं म्हणजे त्यांना जमेलच असं नाही.

ग्रंथालय समितीच्या बैठकीला पुण्याच्या कंपनीचा माणूस आला होता. संस्थेचे सदस्य भिमाजी आप्पा, पाटसकडचे ऊसवाले, पहिल्याच खुर्चीत होते. बाईंनी संगणक कंपनीच्या माणसापुढं सरकवला.

"साहेब, तुम्हीच शोधा. उसावरची हुमणी."

त्यानं शोधलं. सात नावं आली. पहिल्यावर टिचकी मारली, सारांश. दुसऱ्यावर, सारांश. तिसरं नियतकालिक १९९८ सालीच बंद पडलेलं.

"आवो, ह्यात हुमणी मारायची कशी ते कुठं हाय?" आप्पांनी विचारलं.

बाईंनी साधा संग्रह उघडला. पूर्ण लेख, आकृत्यांसकट. आप्पा पुढं सरकून वाचू लागले. मग बाईंनी तक्ता ठेवला: चाळीसपैकी पहिल्याकडं नऊ पूर्ण उत्तरं, दुसऱ्याकडं एकतीस.

"मग इचार कसला करताय, सर?" आप्पा म्हणाले. "बाईंनी कणसं सोलून दाणं दावल्यात!"

समितीनं एकमतानं साधा संग्रह घेतला. पुढच्या जूनमध्ये दीक्षाबाई ग्रंथपाल झाल्या.

त्याच वर्षी दौंडच्या एका महाविद्यालयानं आसपासच्या ग्रंथपालांना असे संग्रह पारखायला शिकवण्यासाठी त्यांना बोलावलं. समोर अठ्ठावीस जण, काही तर त्यांच्यापेक्षा वयानं मोठे. बाईंनी पदर खोचला, खडू उचलला आणि विचारलं, "तुमच्यापैकी कुणाकडून या आठवड्यात एखादा विद्यार्थी रिकाम्या हातानं परत गेला?"

एकदम बारा हात वर झाले.