जुन्या आवृत्तीवर नवी

१९९९ च्या जूनमधल्या एका मंगळवारी सकाळी, बंगळूरच्या जे. पी. नगरमधल्या घरात, मी संगणकावर ब्राउझरची नवी आवृत्ती बसवली. बसवताना जुनी पुसली गेली. ती पुन्हा मिळाली नाही.

संगणक माझा आणि माझ्याबरोबर राहणाऱ्या नागपूरच्या प्रोग्रॅमरचा होता, इथल्याच शिवाजीनगरच्या एका दुकानातून सुटे भाग आणून जोडलेला. आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो, पण संगणक खाली घरमालकांच्या बाहेरच्या खोलीत होता, कारण फोनची लाइन तिथे होती. घरमालकांना सगळी गल्ली अण्णा म्हणे. ते बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यातून टूलरूमचे, म्हणजे यंत्रावर भाग पकडून ठेवणारे जिग आणि साचे बनवणाऱ्या खात्याचे, इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाले होते. घराणं मराठी, पण कित्येक पिढ्या इथेच. पुणं त्यांनी पाहिलं नव्हतं.

त्यांच्या नजरेचा मधला भाग दोन वर्षांपासून जात होता. छापलेलं अक्षर भिंगातूनही लागेना. सून वाचून दाखवायला तयार असे. अण्णांना ते मागायचं नसे. आयुष्यभर दुसऱ्यांचं काम आपण तपासलं, आता बसून ऐकायचं का, असं ते एकदा म्हणाले होते.

१९९८ मध्ये एका संगणक मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर एका ब्राउझरचा सगळा सोर्स कोड होता. कुणीही तो बदलावा, अशी त्याच्या मालकांनी मुभा दिली होती. प्रोग्रॅमरने तो ऑफिसच्या मशीनवर बदलून घेतला आणि तयार झालेला ब्राउझर घरच्या संगणकावर बसवला. सगळी पानं काळ्या पार्श्वभूमीवर पिवळ्या अक्षरांत दिसू लागली. अक्षर बोटाच्या पेराएवढं झालं. मराठी दैनिकांची शीर्षकं तेव्हा अक्षरं नसून चित्रं असत आणि बातमी उघडायची ती शीर्षकावर टिचकी मारून. म्हणून त्याने चित्रंही तिप्पट होतील अशी सोय केली. वरची सगळी बटणं काढून तीनच ठेवली: मागे, पुढे, बंद. हे शब्दही चित्रंच होते, त्याने रंगवलेले.

या कामाला दीड महिना लागला. रोज सकाळी अण्णा समोर बसून तपासणी करत. स्वल्प मोठं, स्वल्प डावीकडे, असं चाले. शेवटी एका रविवारी त्यांनी "सरी" म्हटलं, कानडीतलं 'ठीक'. पुण्याच्या एका दैनिकाचं पान ते दुपारी जेवणाची हाक येईपर्यंत वाचत राहिले.

तेव्हापासून मी खाली उतरलो की माझ्या धंद्याच्या चुका मला ऐकाव्या लागत. "पेपरवाले, तुमच्या लोकांनी वरती चौघं मेले लिहिलंय आणि खालती तिघं. चौथा उठून गेला काय?" पुण्याच्या दैनिकाशी माझा संबंध नाही, हे सांगून उपयोग नव्हता. मी बंगळुरातल्या एका इंग्रजी दैनिकाच्या डेस्कवर होतो, आणि अण्णांच्या लेखी सगळे पेपरवाले एकाच कारखान्याचे.

मार्चमध्ये प्रोग्रॅमर नोकरीसाठी परदेशी गेला. जाताना त्याने केलेल्या बदलांच्या तीन फ्लॉपी मला दिल्या.

त्या ब्राउझरमध्ये एक दोष होता. तो सकाळभरात चार-पाच वेळा आपोआप बंद पडे, आणि मग अण्णांना सुनेला हाक मारावी लागे. जूनच्या मासिकाबरोबर नवी आवृत्ती आली, तीत हे दुरुस्त झाल्याचं लिहिलं होतं. मी अण्णांना सांगितलं. "आलीय म्हणता, मग घाला की," ते म्हणाले.

डेस्कवरची पद्धत अशी, की बाहेरगावच्या आवृत्तीचं पान बदलून शहराचं पान केलं की ते त्याच नावाने, जुन्यावरच साठवायचं. जुनं पान मशीनवर शिल्लक राहिलं तर छपाईला चुकून तेच जातं. तसं एकदा गेलं होतं आणि एकाची बदली झाली होती. सहा वर्षं मी हेच करत आलो होतो. नव्या ब्राउझरने विचारलं, त्याच फोल्डरमध्ये जुन्या फाइली आहेत, त्यांवर लिहू का? मी हो म्हटलं.

पडदा पांढरा झाला. अक्षर मुंगीएवढं. अण्णा खुर्ची पुढे ओढून बसले होते. त्यांनी विचारलं, सुरू झालं काय. मी म्हटलं, झालं.

प्रोग्रॅमरला ई-मेल केली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, एका ओळीचं: "जुना फोल्डर बाजूला ठेवलास ना?"

पुढच्या आठवड्यांत जे समजलं ते असं. त्याचं ऑफिसचं मशीन तो गेल्यावर कोरं केलं गेलं होतं. फ्लॉपींमधले बदल नव्या कोडला लागू पडत नव्हते, कारण पान रेखाटणारा भाग नव्याने लिहिला गेला होता. आदल्या वर्षीची सीडी मी ऑफिसात कुणालातरी दिली होती. कुणाला, ते आठवलं नाही. शिवाजीनगरच्या दुकानदाराने पुसलेलं परत मिळतं का पाहायला डिस्क दोन दिवस ठेवून घेतली आणि तशीच परत दिली.

अण्णांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आमच्याकडे नवीन जिगवरचा पहिला पीस पास होईपर्यंत जुना जिग भंगारात टाकत नव्हते." नंतर हा विषय त्यांनी काढला नाही.

सकाळची ड्युटी नसे, म्हणून जुलैभर मी ब्राउझरच्या सेटिंगची फाइल हाताने बदलत राहिलो. पार्श्वभूमी काळी झाली. अक्षर पिवळं झालं आणि पुष्कळसं मोठंही. शीर्षकांची चित्रं मात्र होती तेवढीच राहिली. बातमी अण्णांना वाचता येई. कोणती बातमी उघडायची, ते कळत नसे.

ऑगस्टपासून सकाळी दहाला मी खाली जाऊन शीर्षकं वाचू लागलो. अण्णा डोळे मिटून ऐकत आणि आकडा सांगत. मी ती बातमी उघडून देई आणि ते पुढे स्वतः वाचत. दुसरी बातमी हवी असली तरी ते मला पुन्हा बोलावत नसत. सून सांगे, उघडलेली तीच दोनदा वाचतात.

डिसेंबरमध्ये माझी मुंबईला बदली झाली. संगणक तिथेच ठेवला. निघालो त्या सकाळी पानावर अकरा शीर्षकं होती. मी सगळी वाचली. अण्णांनी चौथी मागितली. ती उघडी ठेवून मी बाहेर पडलो.