असली की छापील?

अप्पांच्या फ्रेमच्या दुकानात दोन गोष्टी रोज साचायच्या, लाकडाचा भुसा आणि किस्से. भुसा ते संध्याकाळी झाडून काढत. किस्से माझ्याकडे राहिले.

युरोपातल्या जुन्या उस्तादांच्या चित्रांवर मी पीएचडी केलेली. लातुरात तिचा उपयोग एकच. कुणाच्या आजोबांनी निजामाच्या काळात हैदराबादेहून आणलेली विलायती चित्रं लोक अप्पांकडे आणत, आणि ती असली की छापील, किंमत काय, हे मी सांगायचं. माझा शब्द चुकला तर कुणाच्या घरातली अमोल वस्तू मातीमोल जाईल, या धास्तीनं मी भिंग पुन्हा पुन्हा लावून पाहायचो. पण अभिमानानं सांगतो, त्या दुकानातून फसून कुणी गेलं नाही.

*

उदगीरचे एक व्यापारी चित्र घेऊन आले. म्हणाले, "खाली सही हाय की."

भिंग लावलं. सहीसुद्धा बारीक ठिपक्यांची, म्हणजे छापखान्यातली. तसं सांगितलं.

"मंग मानसाच्या हातचं ह्यात काहीच न्हाई?"

अप्पा म्हणाले, "हाय ना. खिळे मी ठोकलेत."

*

जळकोटच्या दोघा भावांकडे एकेक, अगदी सारखंच चित्र, आणि दोघांचाही दावा की असली आपलंच. शेजारी ठेवून पाहिली, तर केसाचाही फरक नाही. मी भीत भीत म्हणालो, "दोन्ही प्रिंट आहेत."

थोरला धाकट्यावर उखडला, "तुझं संगं आनलं म्हनून माझं बी बाद झालं."

*

लातूर जिल्हा झाला तेव्हा एका साहेबांना हॉलसाठी कुणी 'दोनशे वर्षांपूर्वीचं' तैलचित्र विकू पाहत होतं. छापील कागद कॅनव्हासवर चिकटवून वर वॉर्निशचे फटकारे मारलेले.

"साहेब, मला वाटतं... बहुधा... फक्त फ्रेमचे पैसे द्या."

साहेबांनी तेवढेच दिले आणि चित्र टांगलं. म्हणाले, "जिल्हा नवा आहे, सर. भिंतीवर तरी काही जुनं दिसू द्या."

*

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. रेणापूरची एक बाई दिरासोबत आली. चित्रात आई आणि मांडीवर बाळ. बाई रोज पूजा करायची, काचेवर विभूतीचे तीन पट्टे.

दीर म्हणाला, "बैलं उपाशी हायेत, सर. असली निघालं तर आजच इकून कडबा घेतो."

बाईनं पदरानं काच पुसून दिली.

इतका वेळ मी कुठल्याच चित्रापाशी घालवला नव्हता. सगळीकडे ठिपके. "ताई, छापील आहे. कडब्याची एक पेंढीही येणार नाही."

"पक्कं?" दीरानं विचारलं.

हा शब्द मी जन्मात उच्चारला नव्हता. माझ्या प्रबंधातही पानोपानी 'बहुधा' आहे. पण म्हणालो, "पक्कं."

दीर मटकन खाली बसला. बाईनं चित्र उचलून छातीशी धरलं.

"उठा भाऊजी. असली असतं तर द्यावं लागलं असतं."