तिहाईची तिसरी

आमच्या तबला क्लासचे किस्से वर्कशॉपमधल्या लोखंडाच्या चुऱ्यासारखे साठतात. कितीही झाडा, खिशात थोडे उरतातच! दिवसभर मी पोलोग्राउंडच्या कारखान्यात लेथवर असतो आणि रविवारी सकाळी सुदामा नगरला, गुरुजींच्या बैठकीत. आठवीत शाळा सुटली, म्हणून मला शिकवणारे हे एकच.

पहिल्याच दिवशी मी धडाधड वाजवत सुटलो. गुरुजींनी माझा हात धरला.

"भिया, श्वास घेतोस की नाही? तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा. मध्ये दोन दम, म्हणजे थांबणं. तिसरा समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, पोचेपर्यंत या घरात कोणी उठत नाही!"

मला वाटलं, बोलायची पद्धत असेल.

एकदा काकू, म्हणजे गुरुजींच्या पत्नी, दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या. आम्ही किचनच्या दाराकडे बघत होतो. गुरुजी म्हणाले, "घाबरू नका, भांडण नाही. दम चालू आहे."

तेवढ्यात किचनमधून आवाज आला, "आता सम घ्या आणि आधी सिलेंडर आणा!"

आमच्या क्लासमधला नितीन नागपूरचा, इथे कंपनीत इंजिनिअर. एका रविवारी त्याच्या तिहाईची दुसरी संपली आणि फोन वाजला. मीटिंग होती. तो बाहेर गेला.

गुरुजी बसूनच! बाहेर कार उभी, भाचीचं लग्न, काकू पैठणी नेसून तयार.

पाऊण तासाने नितीन आला. "अरे! गुरुजी, तुम्ही गेला नाहीत?"

"तिसरी वाजव."

त्याने वाजवली. गुरुजी उठले, टोपी घातली. तिकडे अक्षता पडून गेल्या होत्या! तेव्हापासून क्लासमध्ये नितीनचा फोन काकूंच्या डब्यात असतो.

मागच्या रविवारी आम्ही गेलो तर गेटवर ट्रक! घर विकलेलं. मुलगा गुरुजी-काकूंना पुण्याला न्यायला आला होता. आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. बैठकीत फक्त तबला आणि काकूंची गाठोडी.

गुरुजी माझ्याकडे वळले. "शेवटची तिहाई तू वाजव."

दोन वर्षांत मी "जी" सोडून तिथे काही बोललो नव्हतो.

पहिली वाजवली. दम. दुसरी वाजवली. दम.

मी हात मांडीवर ठेवले.

"तिसरी?" गुरुजींनी विचारलं.

"पुढच्या रविवारी, गुरुजी."

बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. "बाबा, चला ना!" मुलगा ओरडला.

गुरुजी हलले नाहीत.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, गुरुजींकडे पाहिलं आणि खाली बसून एका गाठोड्याची गाठ सोडली. आतून चहाचं पातेलं काढलं.